शिट्टी न वाजवणारा कोच

अमेरिकेत वाढलेला आपला मुलगा ‘मी कॉलेजात फुटबॉल कोच होणार’ म्हणाला की आई-बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात पोट भरेल का? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर शोधताना टीव्हीवरची लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम आणि कोट्यवधींचे करार बाजूला ठेवा. बहुतेक नोकऱ्या असतात छोट्या गावांतल्या छोट्या कॉलेजांत.

यातली दोनशेहून अधिक कॉलेजं ‘डिव्हिजन थ्री’ या गटात मोडतात. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला मनाई आहे. संघात मात्र अनेकदा शंभरावर मुलं असतात, आणि त्यांच्या फीवर छोट्या कॉलेजचा गाडा बऱ्यापैकी चालतो. म्हणून कोचचं अर्धं आयुष्य मैदानाबाहेर जातं: शाळाशाळांत फिरणं, सतरा वर्षांच्या मुलांना फोन करणं, त्यांच्या घरी बसून ‘आमच्याकडे का पाठवावं’ हे पालकांना पटवणं. अनोळखी माणसांच्या दिवाणखान्यात बोलायला जो बुजतो, त्याने ही वाट धरण्याआधी जरूर विचार करावा.

या पेशाची खरी उंची पाहायची तर जॉन गॅग्लियार्डी यांच्याकडे पाहा. 1943 साली कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावी त्यांच्या शाळेचा कोच युद्धावर गेला आणि सोळा वर्षांच्या या मुलाने संघ हाती घेतला. सरावात पाणी प्यायचं नाही, हा त्या काळचा दंडक. त्याने तो मोडला. पुढे मोंटानातलं कॅरल कॉलेज, आणि 1953पासून 2012पर्यंत, सलग साठ हंगाम, मिनेसोटातलं सेंट जॉन्स. सरावात शिट्टी नाही, एकमेकांना जमिनीवर आपटणं नाही. मुलांनी ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणायचं. एवढी मोकळीक देऊन त्यांनी 489 सामने जिंकले. कॉलेज फुटबॉलमध्ये याहून जास्त विजय कुणाच्याही नावावर नाहीत. मला यात आकड्यापेक्षा मोठी वाटते ती त्यांची एका जागी रुजून राहण्याची तयारी.

निक सिरियानी यांची वाट वेगळी. ओहायोतल्या माउंट युनियन या छोट्या कॉलेजात ते खेळले, तिथेच शिकवू लागले, आणि 2021मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाचे मुख्य कोच झाले. फेब्रुवारी 2025मध्ये त्यांच्या संघाने सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला. मुलगा हेच उदाहरण पुढे करील. त्याला ऐकून घ्या, पण हिशेब या उदाहरणावर मांडू नका.

सुरुवात साधारणपणे ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ म्हणून होते: पदव्युत्तर शिक्षणाची फी बऱ्याचदा सुटते, हातात मात्र जेमतेम पैसे येतात. हंगामात शनिवारी सामना, रविवारी सगळे मिळून व्हिडिओ बघत बसणार. मुख्य कोचला काढलं की त्याच्या मदतनिसांचीही नोकरी बहुधा जाते, आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन दुसऱ्या राज्यात जावं लागतं. लग्न ठरवताना हे समोरच्या घराला स्पष्ट सांगायला हवं.

म्हणून पदवी घेताना शिक्षक होण्याची पात्रताही घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन. गणित किंवा शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्याला हायस्कूलमध्ये नोकरी मिळू शकते, आणि तिथे संघही सांभाळता येतो. भारतातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी जास्त सावध राहावं: सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि पुढे टिकायचं तर व्हिसाचा अर्ज सहसा नोकरी देणाऱ्यालाच करावा लागतो. कॉलेज तो करील का, हे प्रवेशाआधीच विचारा.

मुलाला अडवू नका. या उन्हाळ्यात बारा वर्षांच्या पोरांच्या शिबिरात त्याला शिकवायला पाठवा, आणि एक दिवस लांब उभं राहून बघा. सगळ्यात हळू पळणाऱ्या पोराजवळ तो आपणहून जातो का?