परत आलेला चाकरमानी आणि घरची शेती

कोंकणांतील पुष्कळ घरांचा संसार शेतावर कमी व मुंबईहून दरमहा येणाऱ्या पैशावर अधिक चालत आला आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. शेतांतील भात वर्षाचे कांहीं महिने पुरतो. मीठमिरची, कपडालत्ता, मुलांची शाळा, कर्जाचा हप्ता ह्यांचा भार मुंबईच्या पगारावर. सन 2020 च्या मे महिन्यांत करोनाच्या साथीमुळें चाकरमानी मोठ्या संख्येनें गांवीं परतले, तेव्हां 'शेतीला आयते हात मिळाले' असें कित्येक बागायतदारांस वाटलें. तें कां चुकीचें होतें, हें येथें मांडावयाचें आहे. कारण पुढें केव्हांही साथ आली तरी हीच समजूत पुन्हा होण्याचा संभव आहे.

साथ आली म्हणजे गांव गांठावा, ही रीत जुनी. सप्टेंबर 1896 मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला, व पुढील कांहीं महिन्यांत शहराची सुमारें निम्मी वस्ती बाहेर पडली. त्यांत रत्नागिरीकडील गिरणीकामगार पुष्कळ होते. परंतु त्या वेळीं गिरण्यांना माणसें हवींच होतीं. हात कमी पडल्यामुळें मालकांस रोजच्या रोज मजुरी चुकवून माणसें धरून ठेवावीं लागलीं, व जो परत गेला त्यास काम होतें. 2020 सालीं उलट झालें. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. कारखाने, खाणावळी, दुकानें, बांधकामें थांबलीं. माणूस रोगाच्या भयानें जितका निघाला, तितकाच खोलीचें भाडें व रोजची भाकरी सुटल्यामुळें निघाला. गांवीं येऊन चौदा दिवस शाळेंत अगर घराच्या पडवींत वेगळा राहिला, आणि बाहेर पडला तेव्हां गांठीला फारसें कांहीं उरलें नव्हतें. घरीं येणारा पैसा थांबला व त्याच घरांत खाणारीं तोंडें वाढलीं.

हिशेब करून पाहूं. एका घरची वीस गुंठे भातजमीन आहे असें धरा. हेक्टरीं 30 क्विंटल पीक मानल्यास सहा क्विंटल भात, व भरडून सुमारें चार क्विंटल तांदूळ होतो. माणशीं रोज अर्धा किलो धरला तर पांच माणसांस तो 160 दिवस पुरेल. मुंबईहून चार माणसें येतांच तोच तांदूळ 89 दिवसांचा झाला. तीं चौघें शेतांत राबलीं म्हणून वीस गुंठ्यांचे चाळीस होत नाहींत. सरकारनें एप्रिल 2020 पासून शिधापत्रिकेवर माणशीं पांच किलो धान्य फुकट दिलें, त्यानें पुष्कळ घरें तगलीं. पण ज्यांचीं नांवें मुंबईच्या पत्रिकेवर, त्यांस गांवच्या दुकानीं खेटे घालावे लागले.

हात वाढले हें खरें. काम मात्र लावणीचे तीन-चार आठवडे आणि पुढें कापणी-झोडणी, एवढेंच. (वीस वर्षें यंत्रापुढें उभा राहिलेला माणूस चिखलांत पहिल्याच दिवशीं कंबर धरून बसला तर त्यास हसूं नये. लावणी हीही शिकण्याची विद्या आहे.) तरीही मजुरीचा दर पाडावा, हा विचार कांहींच्या मनांत आलाच. रोजगार हमीच्या कामाचा दर त्या वर्षीं महाराष्ट्रांत दिवसाला 238 रुपये होता, व केंद्राच्या कायद्याची हमी एका घरास वर्षाला 100 दिवसांची. म्हणजे सगळे दिवस काम मिळालें तरी 23,800 रुपये. नऊ माणसांच्या घरास महिन्याला दोन हजारही नाहींत. ह्याहून खालीं दर नेल्यास तें घर कर्जांत जातें, आणि ज्यांस मुंबईचा आधार कधींच नव्हता अशा भूमिहीन मजुरांचा व कातकऱ्यांचा रोजही त्याबरोबर उतरतो. त्यांत 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत नारळ, सुपारी, आंबा ह्यांच्या बागा मोडल्या. पडलेलीं झाडें तोडण्याचें काम कांहीं दिवस मिळालें. त्या झाडांवरची पुढील अनेक वर्षांची काढणी मात्र गेली.

खरा गुंता आमच्या मतें सातबाराच्या उताऱ्यांत आहे. एकेका उताऱ्यावर दहा-वीस नांवें. आज्याचें शेत एक भाऊ कसतो. दुसऱ्यानें मुंबईहून पैसे पाठवून विहीर बांधली. परत आल्यावर धाकटा म्हणतो, "दादा, माझा वाटा कोणता तें दाखव." थोरला म्हणतो, "अरे, इतकीं वर्षें नांगर कोणीं धरला?" दोघेही खरें बोलतात, म्हणूनच तंटा मिटत नाहीं. फळबागेच्या सरकारी योजनेस सामाईक खातेदारांची संमति लागते. एक नांव अडलें कीं वरकस जमीन पडीकच राहते. बाहेरच्यास जमीन द्यावी तर 1948 च्या कुळकायद्याचें भय. तें भय अगदींच निराधार नव्हे; परंतु कुटुंबांतील माणसानें अगर पिकाचा वाटा न घेतां रोख वा ठराविक धान्यरूपानें वेतन घेणाऱ्या नोकरानें जमीन कसली, तर त्या कायद्यानें तो कूळ ठरत नाहीं, हें कित्येकांस ठाऊक नसतें.

परतलेल्या माणसास एकदम 'बाग लाव' असें सांगूं नये. काजूचें कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षीं धरूं लागतें, आंब्याचें त्याहून उशिरां. तोंवर त्यानें खावें काय? पहिल्या वर्षीं भातानंतरच्या ओलीवर वाल, कुळीथ, चवळी. पाणी असल्यास कलिंगड व भाजीपाला. आणि चार शेळ्या, इतकेंच हातीं लागण्याजोगें आहे. बाग त्याच्या जोडीला लावावी.

आणि तो पुन्हा जाणार, हें धरूनच चालावें. 1 फेब्रुवारी 2021 रोजीं मुंबईच्या लोकलगाड्या ठराविक वेळांत सर्वांस खुल्या झाल्या; एप्रिलांत निर्बंध पुन्हा लागले. ज्या घरीं शेत कोणी कसावें, बागेचें उत्पन्न कसें वांटावें, हें मधल्या काळांत कागदावर आलें नाहीं, तेथें तंटा होता तसाच राहिला. शिमगा व गणपति ह्या वेळीं बहुतेक खातेदार घरीं असतात. उतारा अगोदर काढून ठेवावा, वाटणीचा अगर कसण्याचा करार त्याच बैठकींत लिहावा व संमतिपत्रावर सह्या घ्याव्या. उताऱ्यावर बहिणींचीं नांवें असल्यास त्यांस आधींच निरोप धाडावा. त्यांच्या सहीवांचून सर्व खातेदारांची संमति पुरी होत नाहीं.