कामाचा लॅपटॉप बदलण्याची कृती

ग्वाल्हेरच्या माधवगंजात माझं काम भाषांतराचं आणि अक्षरजुळणीचं आहे: लग्नपत्रिका, जुनी खरेदीखतं, गणेशोत्सवाच्या स्मरणिका. गेल्या भाद्रपदात स्मरणिका छापायला जायच्या आदल्या रात्री माझा २०१६ चा लॅपटॉप तीनदा बंद पडला. घाईघाईत नवा घेतला असता तर पुन्हा चुकीचाच आला असता. म्हणून उसन्या यंत्रावर काम उरकलं, आणि नंतर सावकाश, पुढे दिल्याप्रमाणे नवा निवडला.

साहित्य : वही, पेनड्राइव्ह, आपल्या कामातली सगळ्यात जड फाइल आणि घाई नसलेली एक दुपार.

१. आठ दिवस वही जवळ ठेवा. लॅपटॉप जिथे अडेल तिथे वेळ आणि काम लिहा. माझ्या पानावर होतं: सकाळी सुरू व्हायला सात मिनिटं, १४० पानांची फाइल उघडली की पंखा घोंघावतो, वीज गेली की अकरा मिनिटांत अंधार. ‘स्लो झालाय’ एवढ्या तक्रारीवर दुकानदार त्याच्याकडे पडून असलेला माल दाखवणार. नेमकं दुखणं सांगितलं की बोलणं बदलतं.

२. दुखण्याचं मूळ शोधा. काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. डिस्क १०० वर अडकलेली आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवून बघा. कित्येकदा तेवढ्यानेच आणखी दोनतीन वर्षं निघतात. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा, एक जागा सोडून तिरकी रेघ द्या आणि तिला लागूनच ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहा. तयार झालेल्या अहवालात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसतात. आजची निम्म्याच्या खाली असेल तर बॅटरी थकली.

रॅम, डिस्क, बॅटरी सहसा बदलता येतात. विंडोजचं मात्र तसं नाही. विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नाव नोंदवलेल्या घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. माझा सहाव्या पिढीचा निघाला, म्हणजे बदलणं भाग होतं. लोकांची कागदपत्रं ज्याच्याकडे येतात त्याने अपडेट बंद झालेलं यंत्र इंटरनेटला जोडू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

३. आपली खोली आणि आपला उन्हाळा लक्षात घ्या. ही पायरी माहितीपत्रकात सापडत नाही. ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशी गाठतो, आणि बऱ्याच लॅपटॉपांना कंपन्यांनी दिलेली वापराची मर्यादा ३५ अंशांची असते. तेव्हा यंत्र उलटं करून बघा: हवा कुठून आत जाते आणि गरम वारा कुठे बाहेर पडतो? खालून हवा ओढणारं यंत्र गादीवर ठेवलं की गुदमरतं. गरम वारा उजवीकडून निघत असेल तर माऊस धरलेला हात दिवसभर भाजतो. बिनपंख्याचं यंत्र शांत असतं, धूळही कमी घेतं, पण तापलं की स्वतःचा वेग उतरवतं. लांबलचक जुळणीच्या कामाला मी ते घेणार नाही. कूलर असेल तर त्याच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका, ती हवा ओली असते. दिवसभर चार्जरला लावून काम करत असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का तेही बघा. उष्णता आणि भरलेली बॅटरी यांचं जमत नाही.

४. आता आकडे. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि मधल्या दर्जाचा, अलीकडचा प्रोसेसर एवढं लिखापढीच्या कामाला पुरतं. रॅम बोर्डावरच चिकटवलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही. हे आधी विचारा. अक्षरजुळणीचं जुनं श्रीलिपी सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल, तर डोंगल बसेल असं रुंद यूएसबी पोर्ट हवंच.

५. पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जा. ‘दीदी, आठ जीबी बहुत है’ हे मी बाड्यावरच्या दुकानात ऐकलं आणि सिटी सेंटरच्या दुकानातही. वाद घालू नका, आपली जड फाइल तिथल्या यंत्रावर उघडा. मग मराठी कीबोर्ड निवडून हे दोन शब्द टाइप करा : आचार्यांचा, आचाऱ्यांचा. इन्स्क्रिप्टमध्ये दुसऱ्यासाठी शिफ्टसह जे, मग डी, मग य ची कळ. पहिल्यात रफार डोक्यावर बसतो, दुसऱ्यात य च्या आधी चंद्रकोरीसारखी बारीक रेघ येते. अक्षर १०० टक्के आकारात ठेवा आणि हातभर अंतरावरून वाचा. तो फरक डोळे न ताणता दिसला नाही तर पडदा आपल्या कामाचा नाही. सत्काराच्या मजकुरात गुरुजींचे स्वयंपाकी झाले तर छापलेला अंक परत घेता येत नाही. नंतर यंत्र दाराशी नेऊन उजेडात बघा. तीनशे निट्सपेक्षा कमी उजळपणाचा पडदा तिथे फिका पडतो. कडेने बघून रंग उलटत असतील तर सोडून द्या.

६. बिल. त्यावरचा सिरियल नंबर यंत्राच्या तळाशी लिहिलेल्या नंबराशी जुळवा आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटीची तारीख तिथेच उभं राहून तपासा. दुरुस्तीवाला घरी येणार असेल तर आपल्या पिनकोडला येतो का हे विचारा. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला नंबर लिहून घ्या. हिशेबात घसारा धरणाऱ्यांनी वेळही बघावी : संगणकाला ४० टक्के घसारा मिळतो, पण खरेदीच्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच.

७. पंधरा दिवस दोन्ही यंत्रं शेजारी ठेवा. फायली सगळेच नेतात, फॉन्ट राहून जातात. कृतिदेवमधली जुनी कामं फॉन्टशिवाय उघडली की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. म्हणून फॉन्टचं फोल्डर, डिजिटल सहीचा ड्रायव्हर, प्रिंटर आणि पाच वर्षांपूर्वीची एक फाइल, एवढं नव्यावर चालवून बघा. सगळं छापून हातात आलं की जुन्यावरच्या खात्यांमधून बाहेर पडा, रीसेट करताना ‘ड्राइव्ह साफ करा’ हा पर्याय निवडा, आणि यंत्र भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पोचवा.