बावटा आणि निरोप

वादळाचा संभव असला म्हणजे बंदरावर जें चिन्ह चढवितात त्यास आपल्या किनाऱ्यावर सरसकट 'बावटा' म्हणतात. वस्तुतः दिवसा शंकु व नळकांडीं यांच्या आकृति आणि रात्रीं तांबडे-पांढरे दिवे टांगून ही सूचना देण्याची पद्धत आहे. अशीं चिन्हें एकंदर 11. पहिल्यानें दूरच्या समुद्रांत वादळ आकार घेत असावें असें समजतें, तिसऱ्यानें खुद्द बंदरास सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे असें, दहावें महासंकटाचें. अकराव्याचा अर्थ मात्र निराळा : हवामान-केंद्राशीं आमचें दळणवळण तुटलें आहे. आपणांस कांहीं ठाऊक नाहीं हें सांगण्यासाठींही एक चिन्ह राखून ठेवणाऱ्यांचें मला नेहमीं कौतुक वाटतें. आणि धोका टळला कीं बावटा उतरवितात, हें तर लहान मुलांसही माहीत आहे.

भ्रमणध्वनीवर कसें वाचावें हा धडा मला या बावट्यानेंच दिला; त्यास निमित्त माझीच एक चूक झाली.

दोन वर्षांपूर्वीं, ऑक्टोबर महिन्यांत, एका स्नेह्याकडून मला निरोप आला. 'उद्यां दुपारीं अलिबागजवळ चक्रीवादळ धडकणार. होड्या समुद्रांत नेऊं नयेत.' सोबत नकाशा होता, वाऱ्याचा वेग होता, भाषा सरकारी होती. दोन ओळी वाचल्या, नकाशावर दृष्टि टाकली, आणि तो मीं वर्गाच्या पालकांस व्हॉट्सअॅपवर पाठवून दिला. डोळे पुरते वाचावयाच्या आंत आंगठा पुढें सरकतो, हा या यंत्राचा गुण कीं आपला दोष, तें तुम्हीच ठरवा. मला तर परोपकार केल्याचें समाधानही वाटलें!

दुसऱ्या दिवशीं लख्ख ऊन पडलें. निरोप खोटा नव्हता, जुना होता. 'निसर्ग' चक्रीवादळ 3 जून 2020 रोजीं दुपारीं अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें, त्याच्या आदल्या दिवसाचा. त्या वेळीं अशा सूचनांमुळेंच हजारों माणसें आधींच सुरक्षित स्थळीं गेलीं. पुढें वीज गेली, भ्रमणध्वनीही ठिकठिकाणीं मुका झाला. पण मुका झालेला भ्रमणध्वनि अकरावा बावटा चढवीत नाहीं, शेवटचा निरोप तसाच दाखवीत राहतो.

आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील नाखवा आहेत. त्यांनीं बर्फ व डिझेल भरून होडी तयार ठेविली होती. शाळेंतून निरोप आला म्हणून ते थांबले. बर्फ वितळला, खलाशांचे दोन दिवस फुकट गेले. मीं क्षमा मागितली. ते रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, "मास्तर, बंदरावरचा बावटा उतरवायला मानूस असतो. ह्यो कोन उतरवनार?"

या प्रश्नानें मला विचार करावयास लाविलें. 'दर्पण' पत्राचा पहिला अंक 6 जानेवारी 1832 चा. तो आज कोणाच्याही हातीं दिला तरी त्यावरील तारीख तीच राहते. टपालाच्या पाकिटावरही निघाल्या ठिकाणचा शिक्का असतो. भ्रमणध्वनीवर निरोपाखालीं जी वेळ दिसते ती शेवटच्या पाठविणाऱ्याची. मूळ लेखकाची नव्हे. माझ्या हातून गेलेल्या जुन्या निरोपावर त्या दिवसाची ताजी वेळ उमटली! दोन बाणांची खूण असली तर तो अनेक हातांतून आला आहे इतकें कळतें, केव्हां निघाला तें कळत नाहीं. म्हणून तारीख निरोपाच्या पोटांत शोधावी लागते. आणि ती न सांपडल्यास हवामान विभागाची आजची सूचना स्वतः पाहावी. तेथें हिरवा, पिवळा, नारिंगी व तांबडा हे रंग धोक्याच्या चढत्या क्रमानें येतात.

नंतर नववीच्या वर्गांत मीं तोच निरोप पडद्यावर दाखविला आणि तो केव्हांचा हें ओळखण्यास सांगितलें. बहुतेकांनीं मजकूरच पुनः पुनः वाचला. नाखव्यांची मुलगी उठून पडद्याजवळ गेली व नकाशाच्या कोपऱ्यांतील बारीक अक्षरें तिनें मोठ्यानें वाचलीं : 2 जून 2020, 12 यूटीसी. मग बोटांवर साडेपांच तास मिळवून म्हणाली, "सर, आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपांच."