खंड्याचा उंबरठा



परिसर अभ्यासाच्या तासाला तिसरीच्या मुलांना 'आपल्या घरातले प्राणी' यावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. आमच्या घोडेगावात जनावरांचा बाजार मोठा, त्यामुळे वह्यांमध्ये म्हशी आणि शेळ्याच जास्त. एका मुलाने मात्र लिहिलं होतं, "आमचा खंड्या स्वयंपाकघरात येतो. आजी त्याला चपलीने मारते. तो पळतो. परत येतो. आता तो माझ्यावर गुरगुरतो."

शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. या मुलाच्या घरी आठ महिन्यांचं बाळ आहे, नुकतंच रांगायला लागलेलं, हे मला माहीत होतं. त्याच्या आईला भेटले. ती म्हणाली, "मॅडम, बांधलं तर दिवसभर केकाटतं, सोडलं तर थेट गॅसपाशी. मारून मारून हात दुखले, पण ऐकतच नाही."

हे वाक्य ओळखीचं वाटलं ना? पालकसभेत मुलांबद्दलही आपण हेच ऐकतो.

डी.एड.ला आपण थॉर्नडाईक पाठ केला होता. त्याने 1898 साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग मांडले. ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती कृती पक्की होते, हा त्याचा परिणामाचा नियम. पुढे स्किनरचं प्रबलन आलं. परीक्षेत मी हे सगळं व्यवस्थित लिहिलं होतं, पण खरं समजलं ते या घरात.

मी त्या माउलीला एकच विचारलं, "स्वयंपाकघरात त्याला कधी काही मिळतं का?" आधी "नाही" म्हणाली. मग हसून म्हणाली, "आजी टाकते कधीमधी भाकरीचा तुकडा. जीव आहे त्यांचा."

इथेच सगळं अडलेलं होतं. तीन दिवस चप्पल आणि चौथ्या दिवशी त्याच जागी तुकडा. कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय मोडायला फार चिवट असते, हे स्किनरने दाखवलं आहे. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूसही असाच वाट बघत राहतो. (नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट मी वर्गात आवडीने सांगते. पण शिकवण्याच्या दृष्टीने पाहिलं तर तो कुत्रा दुसऱ्या दिवशी नक्की परत आला असणार!)

मग चपलीने खंड्या काय शिकला? माणूस जवळ आला की धोका आहे, एवढंच. कुठे बसायचं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधी मारू नका. गुरगुरणं म्हणजे "लांब राहा" ही सूचना आहे. मारून ती बंद पाडली तर कुत्रा सूचना न देताच चावू शकतो. रांगणाऱ्या बाळाचं तोंड नेमकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं.

आता आम्ही काय केलं ते सांगते. घर नवीन, फरशीचं, त्यामुळे उंबरठाच नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर लाल चिकटपट्टी लावली. तिच्या बाहेर, पडवीच्या बाजूला, गोणपाट टाकलं. शब्द ठरवला, "जागेवर". घरातल्या सगळ्यांनी हाच शब्द म्हणायचा. एक "हाड" म्हणतो, दुसरा "बाहेर हो" म्हणतो, तर त्या मुक्या जिवाने कुणाचं ऐकायचं?

खंड्या गोणपाटावर आला की भाकरीचा नखाएवढा तुकडा गोणपाटावरच ठेवायचा. हातातून भरवायचा नाही. आधी दोन सेकंद थांबला तरी तुकडा, मग पाच, मग दहा. ते जमल्यावर आई पट्टीच्या आत एक पाऊल टाकणार आणि परत येऊन तुकडा ठेवणार. मग दोन पावलं, मग गॅसपर्यंत. तो पट्टी ओलांडून आला तर ओरडायचं नाही. शांतपणे गोणपाटाकडे न्यायचं आणि आधीच्या सोप्या पायरीवर यायचं. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. तुकडे देण्याचं काम मोठ्यांचं. आमचा विद्यार्थी पडवीतल्या खाटेवर बसून वहीत सेकंद लिहायचा. गणितात कंटाळणारा हा मुलगा स्वतःहून तक्ता आखून घेऊन आला!

पहिले काही दिवस खंड्या जास्तच कुंथला, पंजाने पट्टी उकरली. जुनी युक्ती चालेनाशी झाली की आधी तिचा जोर वाढतो. बरीच घरं नेमकी इथे हार मानतात. नवव्या दिवशी पाहुणे आले, मटण शिजलं, खंड्या आत शिरला आणि वडिलांनी काठी उचलली. पुढचे दोन दिवस तो गोणपाटाकडे फिरकलाच नाही. पुन्हा दोन सेकंदांपासून सुरुवात करावी लागली.

उरलंसुरलं कुत्र्याला घालताना एक सांभाळा. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट त्याला घातक असतं. आपल्या कांद्याच्या पट्ट्यात कांद्याचं कालवण सर्रास भाकरीवर ओतलं जातं, ते बंद करा.

आणि कुत्रा कितीही शिकला तरी बाळ आणि कुत्रा एकटे सोडायचे नाहीत. लक्ष ठेवायला कुणी नसेल तेव्हा दारात फळी लावायची. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, तरी कुत्री आत येऊ नयेत म्हणून चौकटीला फळी लावतात, ते आजींनीच आठवण करून दिलं. रेबीजची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात दरवर्षी टोचून घ्यायची. कुत्र्याचा दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. ओरडा बसेल म्हणून मुलं ओरखडा लपवतात, तेव्हा वर्गात हे एकदा तरी बोला.

दीड महिना झाला. परवा त्या घरी गेले तेव्हा आजी भाकऱ्या थापत होत्या आणि खंड्या पट्टीबाहेर गोणपाटावर पसरला होता. आजींचा तुकडा टाकणं काही सुटलेलं नाही. फक्त आता त्या उठून, गुडघ्यावर हात टेकत, तो गोणपाटावर नेऊन ठेवतात.