माशांची चार दिवसांची परीक्षा

कारखान्यातले एखादे रसायन माशांना किती विषारी आहे, हे ते नदीत जाण्यापूर्वीच कसे ओळखतात?

या परीक्षेचे नियम ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८१ साली ठरवले व पुढे सुधारले. पाच टाक्यांत रसायनाचे प्रमाण पायरीपायरीने वाढवत नेतात. सहाव्या टाकीत नुसते स्वच्छ पाणी. प्रत्येकीत किमान ७ निरोगी मासे सोडतात. पुष्कळदा आपल्या भारतातील ओढ्यांत आढळणारा पट्टेरी झेब्रा मासा. मग ९६ तासांपर्यंत मेलेले मासे मोजतात.

सहावी टाकी कशाला? तिच्यातलेही मासे मरू लागले, तर दोष रसायनाचा की पाण्याचा, हे कळणार नाही. मग प्रयोगच बाद!

ज्या प्रमाणाला निम्मे मासे मरतात, त्याला ‘एलसी-५०’ म्हणतात. समजा, ‘अ’ रसायनाचा हा आकडा लिटरला २ मिलिग्रॅम आणि ‘ब’चा २०० मिलिग्रॅम आहे. अधिक विषारी कोणते? ‘अ’! कारण ते थोडेसेच पुरते.

मात्र चार दिवस तगलेला मासा पुढेही धडधाकट राहील, त्याची पिल्ले निरोगी निपजतील, असे ही परीक्षा सांगत नाही. त्यासाठी अधिक काळ चालणाऱ्या परीक्षा घ्याव्या लागतात. म्हणून ‘मासे मेले नाहीत’ याचा अर्थ ‘पाणी निर्धोक आहे’ असा करू नका.