समूहाने चालणे : दिंडीने दिलेला धडा



चालण्यासारखा सोपा व बिनखर्चाचा व्यायाम दुसरा नाही, हे आपण सर्व जाणतो. तरीही एकट्याने धरलेला चालण्याचा नेम पुष्कळदा महिनाभरातच मोडतो. नेम टिकतो तो सोबतीमुळे. वारकरी परंपरेने हे मर्म फार पूर्वीच ओळखले आहे.

दिंडीची रीत

श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि सुमारे २५० कि.मी. वाट चालून आषाढी एकादशीसाठी पंढरीस पोहोचते. या सोहळ्याची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिली. प्रत्येक दिंडीस क्रमांक आणि ठरलेली जागा असते. मुखाने अभंग म्हणत चालावयाचे असल्यामुळे गती आपोआप सर्वांस झेपेल अशी राहते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावताच टाळ थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग तिचे म्हणणे ऐकले जाते, हरवल्या-सापडल्याची माहिती दिली जाते. एवढ्या मोठ्या समुदायातही कोणी दुर्लक्षित राहू नये, हाच त्यामागील भाव होय.

आरोग्यदृष्टी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजेच आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालावे. याच संघटनेने २०२३ साली एकाकीपणा हाही आरोग्याचा गंभीर प्रश्न मानून त्यासाठी आयोग नेमला. समूहाने चालण्यात या दोन्हींवर उपाय आहे.

आमच्या देवस्थानाच्या दीपमाळेपाशी रोज पहाटे काही ज्येष्ठ मंडळी जमतात व गावाबाहेरील ओढ्यापर्यंत चालून येतात. एके दिवशी त्यांतील एक आजोबा आले नाहीत. मुले परगावी, घरी ते एकटेच. सोबती परतताना त्यांच्या दाराशी गेले, तेव्हा ते न्हाणीघरात घसरून पडलेले आढळले. वेळेवर उपचार झाले. आज ते काठी टेकीत दीपमाळेपर्यंत येतात व मंडळी परतेपर्यंत ओट्यावर बसून वाट पाहतात. त्यांचे नाव गटातून कोणी कमी केलेले नाही.

आपल्या गावी आरंभ करताना

१. वेळ व जागा एकच ठेवावी; पाच-सहा जणही पुरेसे आहेत.

२. गती सर्वांत सावकाश चालणाऱ्याची असावी. ज्यांना भरभर चालावयाचे असेल त्यांनी पुढे जाऊन ठरल्या जागी थांबावे.

३. जो आला नाही, त्याची त्याच दिवशी विचारपूस करावी.

४. हृदयविकार, मधुमेह वा गुडघेदुखी असणाऱ्यांनी प्रथम वैद्यांचा सल्ला घ्यावा. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. छातीत दुखल्यास अथवा धाप लागल्यास तत्काळ थांबावे व सोबत्यांस सांगावे.

दिंडीत प्रत्येकास ‘माउली’ म्हणून हाक मारतात. देवदर्शन घेऊन आपण स्वगृही परतल्यावर शेजारच्या एखाद्या एकट्या माउलीस उद्या पहाटे अशी हाक द्यावी, ही नम्र विनंती.

— चिटणीस, देवस्थान कार्यालय