गाण्यांच्या अ‍ॅपने पैसे कापले? सोलापुरात बसून दाद मागा

फुकट महिना म्हणून म्युझिक अ‍ॅप घेतलं आणि पुढच्या महिन्यापासून खात्यातून पैसे जायला लागले. किंवा प्लॅन एका दराने घेतला आणि पुढे न विचारता जास्त रक्कम कापली गेली. शंभर-दीडशे रुपयांसाठी कुठे भांडत बसायचं म्हणून बहुतेक जण सोडून देतात. पण कायदा आपल्या बाजूने आहे आणि तक्रार घरबसल्या, बिनखर्चात करता येते.

१. विकत की भाड्याने, हे आधी पाहा. दरमहा पैसे भरून डाऊनलोड केलेली गाणी प्लॅन संपला की वाजत नाहीत. विंक म्युझिक २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा तिथल्या प्लेलिस्टही गेल्या. गाणी विकणारं दुकानसुद्धा बंद पडू शकतं: फ्लिपकार्टचं 'फ्लाइट' २०१२ मध्ये सुरू झालं आणि २०१३ मध्ये गुंडाळलं गेलं. म्हणून विकत घेतलेल्या गाण्यांच्या फाइल्स लगेच पेन ड्राइव्हवर किंवा संगणकात उतरवून ठेवा.

२. 'अपग्रेड'च्या अटी नीट वाचा. हा वाद जुना आहे. अ‍ॅपलने २००७ मध्ये कॉपीबंदी नसलेली, जास्त चांगल्या आवाजाची गाणी आणली. आधी घेतलेल्या गाण्यांसाठी ग्राहकांकडून दर गाण्यामागे ३० सेंट मागितले, तेही हवी ती गाणी निवडू न देता. सगळा संग्रह एकदम बदलून घ्यावा लागे. २००९ मध्ये एकेक गाणं बदलायची मुभा मिळाली. आज फॅमिली प्लॅन घेताना हेच तपासा: जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस वळते होतात का, आणि सवलत संपल्यावर खरा दर किती?

३. कपात मुळापासून थांबवा. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. अ‍ॅपमध्ये किंवा प्ले स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ते रद्द करा. मग यूपीआय अ‍ॅपमधल्या 'ऑटोपे'त जाऊन ती मंजुरीही रद्द करा. तिथे 'कमाल रक्कम' दिसते. प्लॅनपेक्षा मोठी रक्कम मंजूर करून ठेवली असेल, तर दर वाढला तरी तेवढ्या मर्यादेत पैसे निमूट जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कपातीची सूचना किमान २४ तास आधी यायला हवी. म्हणून बँकेचे मेसेज न वाचता पुसू नका.

४. पुरावा जमवा. जाहिरातीतला दर, प्लॅन घेतल्याची पावती, कपातीचा मेसेज आणि रद्द केल्याचा स्क्रीनशॉट, सगळं तारखेसह ठेवा.

५. कंपनीला लेखी कळवा. अ‍ॅपवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता दिलेला असतो. मजकूर एवढा पुरे:

"मी अमुक तारखेला अमुक दराचा प्लॅन घेतला. अमुक तारखेला माझ्या संमतीशिवाय जास्त रक्कम कापली. फरक परत करा आणि सबस्क्रिप्शन बंद केल्याचे लेखी कळवा. पावती व मेसेज सोबत जोडले आहेत."

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं.

६. दाद लागली नाही तर १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. घ्यायला सोपं आणि सोडायला अवघड अशा सबस्क्रिप्शनचा सापळा नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करा.

७. शेवटी जिल्हा आयोग. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो वा बंगळुरात, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. अकलूज, बार्शी किंवा अक्कलकोटच्या ग्राहकाने सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं. तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि वकील लावायलाच हवा असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये अभंग आणि भक्तिगीतांसाठी असंच एखादं अ‍ॅप असतं आणि त्यांचं ऑटोपे कुणी पाहत नाही. या रविवारी त्यांच्याजवळ बसून ती यादी उघडा आणि नको असलेल्या मंजुऱ्या त्यांना विचारून रद्द करा.